नागपुरात आईला घेऊन फिरायला सपाट, सोप्या वाटा कुठे आहेत?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून बदली होऊन नागपूरला आलात, आई सोबत आहे, वय ६८, गुडघे दुखतात, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, तर झाडीतल्या किंवा तलावाकाठच्या सोप्या वाटा सुचवा. इथवर ठीक. पण पुढे जोडलंय, ‘ऑफिसातले म्हणतात नागपुरात चालण्यासारखं काही नाही, सगळं सपाट आणि ऊन’. त्या ओळीमुळे मी लिहायला बसले. नाहीतर फुटाळा तलाव, अंबाझरी तलाव, महाराजबाग ही तीन नावं वर लोकांनी देऊन टाकलेलीच आहेत, मी गप्प राहिले असते.

आधी ते ‘सपाट’. गुडघे दुखणाऱ्या बाईला चढ कशाला हवा? पायाखाली सपाट माती, थोड्या थोड्या अंतरावर टेकायला जागा, डोक्यावर सावली आणि जवळपास बरं स्वच्छतागृह, एवढं मिळालं की तिचं काम झालं. शेवटचं कोणी सांगत नाही, पण बायकांचं फिरणं त्यावरच अडतं. हे सगळं आमच्या गावात आहे. महिना आणि वेळ तेवढी सांभाळा. उन्हाळ्यात इथे सूर्य पुण्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो. मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास तो वर आलेला असतो. पुण्याच्या सवयीने आरामात चहा घेऊन सातला निघालात तर भाजून निघाल. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तेव्हा उन्हाची तक्रार मला मान्य आहे. सपाटपणाची अजिबात नाही.

फुटाळ्याचं आधी संपवते. फुटाळा ही चालायची जागा नाही, खायची आहे. संध्याकाळी भुट्टे, मॅगी, हॉर्न, सेल्फी आणि मधूनच एखादी सायलेन्सर काढलेली बुलेट. आईंना तिथे संध्याकाळी नेलंत तर त्या परत बाहेर पडणार नाहीत. पहाटे न्या. तेव्हा काठ मोकळा असतो, पाणकावळे पंख वाळवत बसलेले दिसतात आणि थोडं पुढे तेलंखेडीच्या महादेवाला जाऊन येता येतं.

आता अंबाझरी, आणि इथे मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण माझं जुनं भांडण इथलंच आहे.

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, नोकरीनिमित्त पुण्याला गेले आणि तिथलेच झाले. कोथरूडला फ्लॅट, रविवारी सिंहगड, रोज सकाळी वेताळ टेकडी. चांगलं आहे. माणूस तंदुरुस्त आहे, ते मी नाकारत नाही. पण दर दिवाळीला येऊन आमच्या ड्रॉइंग रूममध्ये बसून एकच टेप लावायचे: ‘इथे आईचं चालणं होत नाही. इथे चालायला आहे काय? टेकडी नाही, चढ नाही. चढाशिवाय व्यायाम होत नसतो.’ सासूबाई आमच्याकडे राहतात. त्यांचं औषध, डॉक्टर, चालणं, न चालणं सगळं मी बघते. त्यामुळे हे वाक्य कोणाला उद्देशून असायचं ते मला बरोबर कळायचं.

एका डिसेंबरात ते सहकुटुंब आले होते. २०२३ च्या पुराच्या आधीची गोष्ट. मी म्हटलं, दादा, चला, उद्या सकाळी सगळेच अंबाझरीला जाऊ. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. सासूबाईंनी नऊवारीवर नातवाने आणलेले कॅनव्हासचे बूट घातलेले, डोक्याला मफलर, हातात काठी. दादांच्या मनगटावर नवीन घड्याळ. पावलं, ठोके, अंतर, चढ सगळं मोजणारं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, पोचलो तसे ते सूचना द्यायला लागले: आई, हात हलव, पाठ सरळ, थांबू नकोस, ठोके खाली येतात. दोन मिनिटांत त्यांच्या लक्षात आलं की ही काही आपल्या वेगाने येत नाही, आणि ते एकटेच झपाझप पुढे निघून गेले.

सासूबाई साकोलीकडच्या. भंडारा जिल्ह्यात त्या भागात गावोगावी मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहेत, मालगुजार जमीनदारांच्या काळातले. लहानपणी उन्हाळ्यात तलाव आटला की गाळ काढायला सगळं गाव उतरायचं, त्यात त्यांनीही टोपल्या वाहिल्यात. त्यामुळे तलावाची पाळ दिसली की त्या फिरायला आलेल्या बाईसारख्या चालत नाहीत, ओव्हरसिअरसारख्या चालतात. पाण्याकडच्या उतारावर दगड कसे बसवलेत ते वाकून पाहिलं. पाळीवर वाढलेल्या झाडांकडे बघून नाक मुरडलं. मूळ कुजलं की आत पोकळी होते आणि पाणी तीच वाट धरतं, असं मला सांगितलं. एका जागी मातीत भोक दिसलं. काठीचं टोक आत घालून किती खोल जातं ते बघितलं, काठी बाहेर काढून टोकाला लागलेली ओली माती बोटाने चोळली आणि म्हणाल्या, ‘खेकड्याचं हाय. बुजवाले पायजे हे.’ माझ्या जाऊबाई, जन्माच्या पुणेकर, खेकड्याचं नाव ऐकून चार पावलं मागे सरकल्या.

एवढ्यात दादा दुसऱ्या टोकाला जाऊन परत आले. घामाघूम, डिसेंबरात. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘काहून पळून राहिला रे? गाडी सुटून राहिली का?’ बाजूच्या बाकावर रिटायर्ड लोकांचं टोळकं बसलं होतं, ते खो-खो हसलं. दादांनी घड्याळ पुढे केलं. ‘हे बघ आई, एवढं चाललो आणि चढ किती? शून्य मीटर. याला काय अर्थ आहे?’

सासूबाई म्हणाल्या, ‘मंग? पाळ हाय थे. चढ असता तं पाणी थांबलं असतं का?’

याच्यापुढे कोणी इंजिनिअर काय सांगणार? नागपुरातले नावाजलेले तलाव माणसाने बांधलेले आहेत, कुठे गोंड राजांच्या काळात, कुठे भोसल्यांच्या. ओढ्याला किंवा नदीला आडवी मातीची भिंत घातली की मागे पाणी साचतं. त्या भिंतीचा माथा एका पातळीत ठेवावाच लागतो. कुठे वीतभर खाली राहिला तर पाणी तिथूनच उतरणार. म्हणजे भोसल्यांनी गावाच्या पाण्याची सोय करताना गुडघेदुखीवाल्यांसाठी सपाट वाट आयती करून ठेवलीय, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला गावावरून येणारा वारा. तुमच्या आईंना याहून वेगळं काय हवंय?

घरी येऊन तर्री-पोहे झाले आणि पोह्यांवर वाद झाला. सारांश असा की आईला काही महिने पुण्याला नेतो, तिथे टेकडीवर चालेल, वजन उतरेल, गुडघे सुटतील. माझ्या नवऱ्याने नेहमीप्रमाणे पेपर उघडला. सासूबाई गेल्या. फॅमिली ग्रुपवर फोटो आला: टेकडीच्या पायथ्याशी सासूबाई, डोक्यावर निळी टोपी, खाली मजकूर ‘आईचा मॉर्निंग वॉक सुरू!’ खाली अंगठ्यांची रांग. मीही अंगठा दिला. काय करणार?

खरी हकीकत जाऊबाईंनी फोनवर सांगितली, आवाज खाली आणून. आई टेकडीवर एकदाच गेल्या. अर्ध्या चढावर धाप लागली, उतरताना गुडघा धरला, रिक्षाने घरी आणलं. त्यानंतर रोज सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्कूटर आणि गाड्यांच्या मधून फेऱ्या. खाली सिमेंट, वर स्लॅब. वॉचमन खुर्ची द्यायचा म्हणून तेवढं बरं. दादा मात्र लोकांना सांगत होते की आई टेकडीवर येते. होळीच्या आधी सासूबाई परत आल्या. स्टेशनवरून घरी येताना कॉटन मार्केटजवळ ऑटोतच मला विचारलं, ‘थे खेकड्याचं भोक बुजवलं का कोणी?’

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की ऑफिसातल्या लोकांचं ऐकू नका. चढ हा तिशीतल्या माणसांचा शौक आहे. आणि सह्याद्रीचा एवढा अभिमान असेल तर तेही ऐकून ठेवा: सिंहगडचा काळा पाषाण ज्या लाव्ह्याचा, तोच साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थर टाकत इथवर आलाय आणि नागपुरात येऊन संपतो. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स ही त्याची पूर्वेकडची शेवटची टोकं. पुढे भंडाऱ्याकडे गेलात की खडकच बदलतो. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात इथे तळी होती. त्या गाळाच्या थरातले गोगलगाईंचे शंख वगैरे हिस्लॉप नावाच्या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकात टाकळीला शोधले, ज्याच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज आहे. टाकळी आता शहरातच आहे. म्हणजे दगड तुमचाच आहे आणि वर तळ्यांची परंपरा आमची. दादांना हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘बरं बरं.’

असो. तुमचा प्रश्न.

अंबाझरीच्या पाळीवर सध्या कुठपर्यंत जाऊ देतात ते तिथे गेल्यावर विचारा. २३ सप्टेंबर २०२३ ला रात्रीतून शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, तलाव सांडव्यावरून ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत घरांत पाणी शिरलं. पाळ फुटली नव्हती, पण तेव्हापासून तिच्या मजबुतीचा विषय निघालाय तो निघालाच. त्यामुळे मी तुम्हाला तलावाच्या मागच्या बाजूला पाठवीन. तिथे वनखात्याच्या जागेवर अंबाझरी जैवविविधता उद्यान आहे, साडेसातशे हेक्टरच्या आसपास. तिकीट लागतं, सुटे पैसे न्या. वाटा रुंद, गाड्यांचा त्रास नाही, गवताळ माळ आणि मध्ये मध्ये पाणी. थंडीत हळदी-कुंकू बदकं दिसतात, टिटवी तर तुम्ही गेटमधून आत आल्याची वर्दीच देते. पण सावली कमी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, मार्चमध्ये पळस फुलतो तोवर जमेल, नंतर विसरा. सगळं उद्यान बघायच्या नादाला लागू नका. अर्धा तास पुढे जायचं, बसायचं, त्याच वाटेने मागे यायचं. वृद्ध माणसाला गोल फेरी घालायला लावणं हा मूर्खपणा आहे, कारण मध्येच थकलं तर दोन्ही बाजूंनी तेवढंच अंतर उरतं.

उन्हाळ्यात सावली हवी, तेव्हा सेमिनरी हिल्स. नावात हिल्स आहे म्हणून घाबरू नका, गाडी वरपर्यंत जाते. जपानी गार्डनच्या आसपास सकाळी एवढी गर्दी असते की आईंना तिथे चार मैत्रिणी मिळतील. बालोद्यानात ‘वनबाला’ नावाची छोटी आगगाडी आहे, ती चालू असेल आणि नातवंडं सोबत असतील तर त्यांची सोय. झाडी दाट आहे, पण सागाची पानं उन्हाळ्याआधीच गळतात. सुकलेला सागाचा पाला घसरतो, त्यावर काठी टेकत नाही. अशा वेळी डांबरी वाटच धरा, मातीचा हट्ट नको.

महाराजबाग मला स्वतःला आवडते, पण ती फिरण्यापेक्षा बसण्याची जागा आहे. मूळ भोसल्यांची बाग, आता कृषी विद्यापीठाच्या ताब्यात. झाडं जुनी आणि थोर, फेरी लहान, प्राणीसंग्रहालयाकडून वारा आला की वास येतो. शहराच्या मध्यात असल्यामुळे आईंना सोडून तुम्हाला ऑफिस गाठायचं असेल तर सोयीची. हास्यक्लबवाले ओढून नेतील, ते तुमचं तुम्ही बघा.

आणि काहीच जमलं नाही तर सिव्हिल लाइन्स. रविवारी सकाळी रस्ते मोकळे, दोन्ही बाजूंनी मोठाली झाडं, फुटपाथही बऱ्यापैकी. याला कोणी ‘स्पॉट’ म्हणत नाही म्हणून तिथे शांतता आहे. कोर्ट-कचेऱ्या उघडल्या की मात्र पार्किंगच पार्किंग.

गोरेवाडा लोक सुचवतील. तलाव सुंदर आहे, जंगल १९१४ हेक्टरचं आहे, पण तिथली सफारी, जी २६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली, ती गाडीत बसून करायची असते. पेंच, बोर, कऱ्हांडला इथेही तेच, वाघांच्या जंगलात पायी सोडत नाहीत. आईंना जिप्सीत हादरे खायला घालून ‘जंगलात फिरवून आणलं’ म्हणू नका. रविवारची बाहेरगावची सहल करायचीच असेल तर रामटेक. गडावर जायला पायऱ्या आहेत तशी गाडीची वाटही आहे, पण मी म्हणेन की खालचा अंबाळा तलाव करा. काठाने जुनी देवळं, घाट, बसायला दगडी ओटे, आणि पाण्यात गडाचं प्रतिबिंब. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे उतरू देऊ नका.

पूर्व नागपूरवाले आता म्हणतील सगळं पश्चिमेचंच सांगितलं. खरं आहे, मी पश्चिमेला राहते. तिकडचं त्यांनी लिहावं.

राहिलेल्या सूचना, ज्या आधी सांगायला हव्या होत्या. अंबाझरीच्या मागे बिबट्याचा वावर आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात एक बिबट्या थेट गायत्रीनगरच्या वस्तीत फिरत होता. तेव्हा अंधारात जाऊ नका आणि आईंना वाटेवर एकटं पुढे-मागे राहू देऊ नका. मोठ्या झाडांवर आग्या मोहोळ असतं, त्याखाली बाक असला तरी बसू नका, आणि अत्तर-बित्तर लावून तर मुळीच जाऊ नका. पावसाळ्यात काळी माती बुटाला अशी चिकटते की पाय दुप्पट जड होतो, तेव्हा ते चार महिने पक्क्या वाटेचेच. पाण्याची बाटली आणि खिशात गुळाचा खडा असू द्या. शुगर असेल तर डॉक्टरांना विचारून. खरं तर गुडघ्याचंही किती चालायचं ते डॉक्टरांनाच विचारा, मी बँकेतली बाई आहे.

शेवटचं म्हणजे, घड्याळ घालू नका. म्हणजे तुम्ही घाला, आईंना घालू नका. त्यांनी किती पावलं टाकली हे ग्रुपवर टाकायची गरज नाही. त्या मध्येच थांबल्या, एखाद्या मोहाच्या झाडाखाली वाकून फुलं वेचायला लागल्या, अनोळखी बाईशी तिच्या सुनेबद्दल बोलत उभ्या राहिल्या, तर तुम्ही बाजूला उभे राहून फोन बघा. ऑफिसला उशीर होत असेल तर त्या दिवशी नेऊ नका, पण ‘चल चल’ करू नका.

आणि माझ्या भासऱ्यांनी हे वाचलं तर, दादा, डिसेंबरात या. पाळीवर जाऊ देत नसतील तर मागच्या उद्यानात जाऊ. चढ तिथेही नाही.